मानसशास्त्राची पदवी : काय शिकावे आणि कशासाठी शिकावे

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे मुले-मुली व त्यांचे पालक विचारपूस करायला येतात. कोणी गुणपत्रिका घेऊन येतो, कोणी नुसताच येऊन बसतो आणि चहा झाल्यावर विषय काढतो. पूर्वी प्रश्न ठरलेले असत. डी. एड. करावे की बँकेच्या परीक्षेला बसावे, टायपिंग लावावे की आय. टी. आय. ला जावे. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, मानसशास्त्र घेऊन बी. ए. केले तर चालेल का?" हा प्रश्न बहुधा मुलगी विचारते, आणि तिचे वाक्य पुरे होण्याच्या आत वडील विचारतात, "म्हणजे पुढे वेड्यांच्या इस्पितळात नोकरी करायची का?"

हा विषय आम्ही कला महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवला आहे. त्यामुळे मुलीचा उत्साह व वडिलांची काळजी, दोन्ही आम्हाला परिचयाची आहेत. दोघांनाही दहा मिनिटांत समाधानकारक उत्तर देता येत नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

हे शास्त्र आहे तरी काय?

मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास. यातील 'शास्त्रीय' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, चेहरा पाहून स्वभाव सांगणे, संमोहन घालणे असल्या गोष्टी शिकायला मिळतील या आशेने जे विद्यार्थी येतात, त्यांची पहिल्याच सत्रात निराशा होते. मनोविकार हा या शास्त्राचा केवळ एक भाग आहे. आपण पाहतो कसे, लक्षात कसे ठेवतो, विसरतो का, रागावतो का, गर्दीत एकट्यापेक्षा वेगळे का वागतो, मूल भाषा कशी शिकते, म्हातारपणी बुद्धीत काय बदल होतात, हे सारे या शास्त्राच्या कक्षेत येते. म्हणजे बहुतांश अभ्यास तुमच्या-आमच्यासारख्या चारचौघांचाच असतो.

मनाविषयी विचार माणूस हजारो वर्षे करीत आला. पण प्रयोगशाळेत मोजमाप करून अभ्यास करण्याची सुरुवात १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेम वुंट यांनी केली, असे मानतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याची धुरा हार्वर्डहून शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे होती. त्याच शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली व खुद्द फ्रॉइडशी पत्रव्यवहार करून मतभेदही मांडले. तेव्हा हे 'साहेबांचे' शास्त्र आहे, आपले नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्याकडे ते शंभर वर्षांहून अधिक काळ शिकवले जात आहे.

पदवीला काय शिकवतात?

विद्यापीठागणिक पेपरांची नावे व क्रम बदलतात, पण गाभा सारखाच असतो. पहिल्या वर्षी सामान्य मानसशास्त्र असते. त्यात मेंदू व चेतासंस्था, वेदन व संवेदन, अवधान, अध्ययन, स्मरण, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता व व्यक्तिमत्त्व यांची ओळख होते. दुसऱ्या वर्षी सामाजिक मानसशास्त्र व विकासात्मक मानसशास्त्र येते. तिसऱ्या वर्षी अपसामान्य मानसशास्त्र, औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र, समुपदेशन, मानसशास्त्रीय चाचण्या, संख्याशास्त्र आणि प्रात्यक्षिके. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीची रचना चार वर्षांची झाली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते.

यांपैकी सामाजिक मानसशास्त्राविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण आपल्या मुलांना हा विषय जवळचा वाटतो. पूर्वग्रह कसा तयार होतो, तो ज्याच्यावर लादला जातो त्याच्या मनावर काय परिणाम करतो, याचा अभ्यास येथे होतो. अमेरिकेत केनेथ क्लार्क व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान मुलांसमोर गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले. 'चांगली बाहुली कोणती?' या प्रश्नावर बरीच काळी मुलेसुद्धा गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवीत. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण शाळकरी मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा दलित मुले व सवर्ण मुले जवळजवळ सारखीच कोडी सोडवीत. पण सर्वांसमोर नाव, गाव व जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी खाली आली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाची बुद्धी तीच, कोडी तीच, बदलला तो फक्त एक उच्चार. आपल्यापैकी अनेकांनी वर्गात उभे राहून हे अनुभवले असेल. अनुभव सांगितला की लोक 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणतात. मोजून दाखवला की त्यांना उत्तर द्यावे लागते. मोजून दाखवण्याची ही विद्या शिकण्यासारखी आहे, असे आम्हाला वाटते.

प्रात्यक्षिकाचा तास

कला शाखेत प्रात्यक्षिके असलेले विषय थोडे, त्यांत मानसशास्त्र येते. प्रयोगासाठी दोघे लागतात. एक प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो 'प्रयुक्त'. म्यूलर-लायर भ्रमाचा प्रयोग बहुतेक ठिकाणी असतो. सारख्या लांबीच्या दोन रेषा असतात. एकीच्या टोकांना बाणासारख्या आत वळलेल्या रेघा, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेल्या. दुसरी रेषा डोळ्यांना लांब दिसते. प्रयुक्ताने सरकती पट्टी हलवून दोन्ही रेषा सारख्या करायच्या आणि प्रयोगकर्त्याने चूक मिलिमीटरमध्ये नोंदवायची. असे अनेक वेळा करून मध्यमान काढायचे. गंमत अशी की, रेषा सारख्या आहेत हे मोजून पाहिल्यावरही डोळ्यांना दुसरी लांबच दिसते. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' हा पुरावा पुरेसा नसतो, हे विद्यार्थ्याला तेथे कळते.

प्रयोगवहीत समस्या, गृहीतक, परिवर्त्ये, साहित्य, सूचना, कोष्टक, निष्कर्ष, असे सगळे क्रमाने लिहावे लागते. पुष्कळ विद्यार्थी आदल्या वर्षीची वही उतरवून काढतात. आकडेसुद्धा तेच! आमची कळकळीची विनंती आहे की असे करू नका. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर तसेच लिहा. २०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांनी नामांकित नियतकालिकांतले १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा चाळीसहून कमी अभ्यासांचे निष्कर्ष पुन्हा तसे मिळाले. या शास्त्राने स्वतःची ही परीक्षा स्वतःच घेतली व निकाल छापला. ज्या शास्त्रात मोठ्यांना चूक कबूल करावी लागते, तेथे पदवीच्या विद्यार्थ्याने आकडे का झाकावेत?

चाचणीचा आकडा आणि माणूस

आमच्या अध्यापनाच्या काळातला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. घरात पहिलीच कॉलेजात आलेली. बुद्धिमापन चाचणीचा सराव म्हणून तिने आपल्या धाकट्या भावाला चाचणी दिली. बुद्ध्यंक फारच कमी आला. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली ती डोळे सुजवूनच. तास संपल्यावर म्हणाली, "सर, माझा भाऊ मंद आहे हे मला आता कळले. घरी कसे सांगू?"

आम्ही तिला चाचणीची पुस्तिका घेऊन बसवले व भावाची चुकलेली उत्तरे एकेक करून पाहिली. चुकलेल्या शब्दांपैकी बरेचसे शब्द त्या घरात कधी उच्चारले गेलेच नव्हते. काही चित्रांतल्या वस्तू त्याने आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. वेळ लावून सोडवायचे प्रश्न त्याने सावकाश, पण बरोबर सोडवले होते. आणि हाच मुलगा वस्तीतल्या लोकांच्या सायकली दुरुस्त करून देत असे. चाचणीची मानके शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मुलांवरून काढलेली होती. म्हणजे फूटपट्टीच दुसऱ्याच्या मापाची होती. शिवाय चाचणी घेणारी त्याची सख्खी बहीण आणि शेजारी टी. व्ही. चालू!

चाचणी म्हटली की तीन गोष्टी तपासाव्यात, हे पुस्तकात लिहिलेले असते. विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतली तर निकाल तसाच येतो का? यथार्थता, म्हणजे जे मोजायचे तेच ती मोजते का? आणि मानके, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते लोक कोणते? त्या मुलीने या तीन व्याख्या परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. त्या दुपारी तिला त्या समजल्या. पहिली व्यवहार्य बुद्धिमापन चाचणी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार करणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनाही बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे हे मान्य नव्हते. ज्यांना शाळेत मदत हवी अशी मुले ओळखण्यासाठी त्यांनी चाचणी केली होती. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसवली व १९४० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, तो याच कारणासाठी. परकी चाचणी नुसती भाषांतर करून भागत नाही, ती आपल्या मुलांवर पारखून घ्यावी लागते.

तो मुलगा पुढे आय. टी. आय. झाला. बहिणीने एम. ए. केले. पण त्या रात्री तिने घरी तो आकडा सांगितला असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही. म्हणूनच पदवीच्या विद्यार्थ्याने सराव म्हणून घेतलेल्या चाचणीचा निकाल कोणालाही सांगू नये, असा नियम आहे.

संख्याशास्त्राची व भाषेची भीती

मुले हा विषय सोडतात ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले संख्याशास्त्र. 'गणित नको म्हणून कला शाखा घेतली, तर येथेही गणित!' अशी तक्रार असते. वास्तविक मध्यमान, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन व सहसंबंध एवढ्या गोष्टी पदवीला मुख्यत्वे लागतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमूळ ज्याला येते त्याला हे जमते. रोज एक उदाहरण हाताने सोडवावे. आणि एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे : सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. ज्या घरात पुस्तके जास्त त्या घरातल्या मुलांना गुण जास्त, असे आढळले तरी पुस्तकांच्या कपाटामुळे गुण वाढले असे सिद्ध होत नाही. त्या घरांत पैसा, जागा आणि शिकलेले आईवडीलही असतात.

दुसरी अडचण भाषेची. वर्गात वापरली जाणारी जाडजूड पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यातच खचतो. त्याने प्रथम बालभारतीची अकरावी व बारावीची मराठी मानसशास्त्राची पुस्तके वाचून काढावीत. पाया तेथे पक्का होतो. मग एक वही करावी. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला मराठी आणि खाली स्वतःच्या घरातले एक उदाहरण. 'प्रबलन' म्हणजे काय? मूल रडले की खाऊ द्यायचा, म्हणजे रडणे वाढते. असे उदाहरण सुचले की संज्ञा विसरत नाही. अनेक विद्यापीठांत कला शाखेचा पेपर मराठीत लिहिता येतो. त्याची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. मात्र पुढे एम. ए. व संशोधन करायचे तर इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. म्हणून रोज एक पान इंग्रजी वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी.

अभ्यास कसा करावा, हेही हेच शास्त्र सांगते

हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. निरर्थक शब्दावयव पाठ केल्यावर पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक पाठांतर निसटले. पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावत गेला. यातून धडा असा की आज वाचलेले आज रात्री, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने उजळावे. परीक्षेच्या आदल्या रात्री एकदम वाचू नये. रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. म्हणून पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. ज्यांच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही, त्यांनाही एवढे करता येते.

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला की एक गमतीदार पण त्रासदायक गोष्ट घडते. प्रत्येक विकाराची लक्षणे विद्यार्थ्याला स्वतःत दिसू लागतात, मग आईत, मग शेजाऱ्यात. नातेवाईकही घरबसल्या सल्ला मागू लागतात. विद्यार्थी मित्रहो, पदवी हा निदान करण्याचा परवाना नाही, हे ध्यानात ठेवा. पण खरोखरच झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते अभ्यासावर ढकलू नका. शिक्षकांशी बोला. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

पदवीनंतर काय?

पालकांचा खरा प्रश्न हा असतो, म्हणून स्पष्टच लिहितो. केवळ बी. ए. वर 'मानसशास्त्रज्ञ' म्हणून पाटी लावता येत नाही. शाळेत अगर रुग्णालयात समुपदेशक व्हायचे तर एम. ए. व त्यापुढचे प्रशिक्षण लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी करावी लागते. यासाठी दोन वर्षांचे एम. फिल. हा आजवरचा मुख्य मार्ग होता. नव्या धोरणात एम. फिल. बंद झाले. या विषयापुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली होती आणि त्या जागी नवे अभ्यासक्रम आणले जात आहेत. म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेची मान्यताप्राप्त यादी स्वतः पाहावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वेगळा. तो आधी एम. बी. बी. एस. डॉक्टर असतो.

याखेरीज समाजकार्याची एम. एस. डब्ल्यू., बी. एड., विशेष मुलांच्या शिक्षणाचा बी. एड., कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग, असे रस्ते पदवीनंतर खुले असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसाठी मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो.

एक सावधगिरीची सूचना. नोकरी सांभाळून बहिःस्थ पद्धतीने मानसशास्त्र करण्याचा विचार आपल्याकडे बरेच जण करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये, जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून, मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राच्या पदवीला नवे प्रवेश देण्यास मनाई केली आहे. तरीही 'घरबसल्या मानसशास्त्राची पदवी' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्यापूर्वी आयोगाकडे खात्री करून घ्यावी. नियमित महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. दाखल्यापायी वर्ष गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

शेवटी पालकांसाठी

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. 'वेड्यांच्या इस्पितळात नोकरी करायची का?' बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्रस्त असल्याचे आढळले. विकार कोणताही घ्या, त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. दहात एक म्हणजे तो आपल्या गल्लीतला झाला, कदाचित आपल्या घरातला. त्याला कोणी मांत्रिकाकडे नेतो, कोणी कोंडून ठेवतो, कोणी 'नाटक करतो' म्हणून मारतो. आणि जे कोणी शहाणपणाने डॉक्टरकडे नेतात, त्यांना तेथे आपली बोली समजणारा, आपल्या घरची परिस्थिती न सांगता उमजणारा माणूस क्वचितच भेटतो. समोरचा माणूस आपल्याला हसणार नाही, एवढा विश्वास वाटला तरच मन मोकळे होते. अशी माणसे तयार व्हायची असतील तर ती आपल्याही घरांतून आली पाहिजेत.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलगी हा विषय मागत असेल तर तिला घाईने 'नको' म्हणू नका. तिला विचारा, वाचायची तयारी आहे का? आकड्यांशी झटायची तयारी आहे का? पदवीनंतर आणखी तीन-चार वर्षे शिकावे लागेल हे ठाऊक आहे का? या तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर प्रवेश अर्जावर सही करा. आणि इस्पितळाचे म्हणाल, तर तेथे नोकरी लागली तरी त्यात कमीपणा कसला? तेथेही आपलीच माणसे असतात.